चौथी साखळी

“साठ वर्षं झाली, आता सोडून द्या,” असं म्हणणाऱ्यांची मला चीड येते. सोडून द्यायला मेलेला माणूस ह्यांचा कोण होता?

वर्लिन स्ट्राउड आमच्या इलिनॉयमधल्या रेल्वे यार्डाच्या गावचा. वय एक्क्याऐंशी. १९५८ साली ट्रकचे ट्रेलर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर, म्हणजे बिनछपराच्या मालडब्यांवर, चढवून शिकागोकडे पाठवायचे. तो आणि त्याचा जोडीदार एमेट ट्रेलरखाली सरपटत जाऊन साखळ्या आवळायचे. एकेका ट्रेलरला चार. एक दिवस तीन साखळ्या आवळून वर्लिन बाहेर आला, एमेट चौथी लावायला खाली शिरला आणि मुकादमाने घाईघाईने इंजिनाला निघायचा हात दाखवला. झटका बसला, ट्रेलर घसरला, एमेट गेला.

कंपनीच्या अहवालात चारही साखळ्या आवळलेल्या. मयत विनाकारण खाली गेला म्हणे. एमेटची पोर लोरीन शाळेत असल्यापासून, काही चुकलं की ऐकत आलीय, “बापावर गेलीस का गं?”

वर्लिन आता त्याच ट्रेलरच्या प्रतिकृती करतो. वीतभरसुद्धा नसतील, पण चाकांवरचा चिखलही सोडत नाही. गावच्या संग्रहालयासाठी त्याने अख्खी मालगाडी केली. उद्घाटनाच्या आठवडाभर आधी संचालिका मिसेस हॉलकॉम म्हणाल्या, “मिस्टर स्ट्राउड, पाचव्या वाघिणीवर तीनच साखळ्या आहेत. नजर दगा देतेय का?”

“नजर शाबूत आहे. तीनच होत्या.”

“अहवालात चार आहेत.”

“अहवाल लिहिणारा ट्रेलरखाली नव्हता, मॅडम. मी होतो.”

संग्रहालयाचं ते दालन कंपनीच्याच देणगीतून बांधलेलं, हे सांगायला नकोच.

उद्घाटनाच्या सकाळी वर्लिन आणि मी गेलो, तर चौथी साखळी जागेवर. डिंकाने चिकटवलेली. मी तोंड उघडणार, तोच वर्लिनने माझा दंड धरला. स्वतः काच उचलली आणि खिशातून पक्कड काढली.

“अहो, पाहुणे आलेत,” हॉलकॉमबाई कुजबुजल्या.

“बरं झालं. तेव्हा माझ्याशिवाय साक्षीदार नव्हता.”

त्याने साखळी कापून बाईंच्या तळहातावर ठेवली. “ही तुमची. एमेटची नाही.”

“मग ही वाघीण इथे राहणार नाही.”

“नकोच राहायला.”

आता ती वाघीण लोरीनच्या केशकर्तनालयात, रस्त्याकडच्या खिडकीत आहे. केस कापायला बसलेलं कुणी ना कुणी विचारतंच, तीन कोपऱ्यांना साखळ्या, मग चौथी कुठंय. लोरीन कात्री थांबवते आणि मुकादमाच्या नावापासून सुरुवात करते. सांगून संपेपर्यंत गिऱ्हाईक अर्ध्या केसांनी बसून राहतं. उठून जाणार कुठे?