आईच्या नावाची मदत

त्या पोरीचा चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि आठवणीत राहिली ती एक साधी हरवल्याची तक्रार. माझ्यासोबत भरती झालेला एक जण तेव्हा शेजारच्या ठाण्यात होता. त्याच्या वाट्याला नेहमी वर्तमानपत्रात छापून येणारे गुन्हे यायचे आणि माझ्या वाट्याला भावकीची भांडणं. याचा मला राग होता आणि अजूनही आहे. त्याला पदक मिळालं त्या दिवशी मी घरी जेवलो नव्हतो. तेव्हा मत्सराबद्दल मी जे सांगतो ते ऐकीव नाही.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. बेंगळुरूच्या जुन्या पेटेत, म्हणजे पेठेत, आपल्या मराठी लोकांची पिढ्यान् पिढ्यांची घरं. तिथली सरकारी मराठी शाळा बंद झाली. इमारत धोक्याची झाली होती आणि मुलंही रोडावली होती. मुलांची आबाळ होऊ नये म्हणून शिक्षणाचा खर्च पालकांच्या हाती रोख द्यायचा, त्यांनी हवी ती शाळा धरावी, असं ठरलं. वाटपाला बंदोबस्त म्हणून मीच हजर होतो. शाळेच्या अंगणात शिक्षण खात्याचे साहेब टेबल मांडून बसले आणि त्यांनी नियम वाचून दाखवला: पैसे जन्मदात्या आईबापांच्याच हाती मिळतील आणि मूल त्यांच्याच घरी राहिलं पाहिजे.

त्या अंगणात एका घरातल्या दोन जावा होत्या. त्यांना थोरली आणि धाकटी म्हणू. थोरलीच्या नवऱ्याचं पेटेत शिवणकामाचं दुकान, मूलबाळ नाही. धाकटीला पाठोपाठ चार मुली. त्यातली शेवटची दूध सुटल्यावर घरच्यांनी नारळ-तांदळासह थोरलीच्या ओटीत घातली होती. ना कोर्ट, ना कागद. आमच्यात असंच व्हायचं आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे. पोरगी थोरलीला आई म्हणायची आणि धाकटीला काकू.

साहेबांनी पोरीचं नाव पुकारलं आणि विचारलं, "हिची आई कोण?" थोरली पोरीचा हात धरून पुढे झाली. तेवढ्यात मागून धाकटी उठली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आई मी आहे साहेब. अक्कानं नुसती सांभाळली." रक्कम म्हणाल तर पाटी-पुस्तकांत आणि बसभाड्यात संपून जाईल इतकी. पण थोरलीचा हात पुढे होता तसाच राहिला. तिचं तोंड मी पाहिलं होतं. मारामारीच्या आधी माणसाचं तोंड जसं होतं, तसं झालं होतं ते.

नियम नियमच. धाकटी पोरीला आपल्या घरी घेऊन गेली. तिचा नवरा कारखान्यात होता आणि त्यानं राजाजीनगरच्या नव्या वसाहतीत घर घेतलं होतं. घरात नळ, भिंतींना कोरा चुना. पोरीचं नाव तिथल्या कन्नड शाळेत घातलं.

महिना उलटला असेल नसेल, एका गुरुवारी दुपारी धाकटीचा नवरा धापा टाकत ठाण्यात आला. मधल्या सुट्टीत पोरगी शाळेच्या फाटकातून नाहीशी झाली होती. ठाणे अंमलदाराने तक्रार लिहून घेतली, वर्णन सगळ्या ठाण्यांना कळवलं, मी शाळेत गेलो. फाटकाशी चिंचा विकणारी म्हातारी म्हणाली, "रडली नाही, ओरडली नाही. पिशवी घेऊन एका माणसाच्या बोटाला धरून गेली." म्हणजे नेणारा ओळखीचा होता. विहिरी आणि तलाव धुंडाळायची गरज नव्हती, गणगोत धुंडाळायचं होतं.

खबर लगेच आली, आणि तीही घरबसल्या. धाकटीची शेजारीण माझ्या हवालदाराला बाजूला घेऊन म्हणाली, "तिनंच लपवलंय पोरीला. जावेवर आळ आणायचाय. नळ आला घरात तेव्हापासून पाय जमिनीवर नाहीत बाईचे." मी संध्याकाळपर्यंत धाकटीला खोदून खोदून विचारलं. ती नुसती रडत होती, आणि रडता रडता एकच सांगत होती, "साहेब, एवढ्या दिवसांत मला एकदा आई म्हणाली नाही हो ती. भूक लागली तरी काकू म्हणायची. मला जाळत होतं ते." दिवस वाया गेला. शेजारणीच्या खबरीत खरं एवढंच होतं की तिच्या स्वतःच्या घरी नळ नव्हता. हे मी पुढे नेहमी लक्षात ठेवलं: खबऱ्या काय सांगतो ते ऐकावं, पण त्याच्या पोटात काय दुखतंय ते आधी पाहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीकडे गेलो. बाईमाणसाचा जबाब घ्यायचा तर तिला ठाण्यात बोलवायचं नाही, आपण तिच्या घरी जायचं, हा दंडक. दारातच म्हणाली, "या अण्णा. स्वल्प कॉफी घ्या." पोरीबद्दल विचारलं तर म्हणाली, "मला का विचारता? आई ती आहे ना? सगळ्या पेटेनं ऐकलंय." डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. मामा-मावशांची गावं विचारली, तर गावं सांगितली आणि सगळे आपापल्या जागी असतील म्हणाली. हवालदार माझ्या कानाशी पुटपुटला, "साहेब, धक्का बसलाय बाईला. घर बघा कसं पडलंय."

मी घर पाहिलं. जमिनीवर कालचा केर तसाच होता. शिंप्याचं घर, चिंध्या आणि दोऱ्यांचे तुकडे पायात येत होते. वार शुक्रवार, गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका न्हाऊन ओले केस सोडून बसलेल्या, आणि हिची वेणी शिळी, तेलकट. दुःखात बाईचं असं होतं, खरं आहे. पण देवापुढची समई चिंचेनं घासून लख्ख केलेली होती. चुलीशी भांडी पालथी घातलेली, एकावर एक, नीट. कॉफी पहिल्या प्रतीची. जिचे हातपाय गळाले आहेत ती बाई समई घासत बसत नाही. या घरात दोनच कामं राहिली होती, केर काढणं आणि डोक्यावरून न्हाणं, आणि ती मुद्दाम ठेवलेली होती.

आमच्या घरातही हे पाळत. घरचं माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही आणि बायकांनी डोक्यावरून न्हायचं नाही. वाटेतल्या माणसाला अपशकुन होतो म्हणतात. माझी बदली झाली की माझी आई त्या दिवशी केरसुणीला हात लावत नसे.

मी कपबशी खाली ठेवली आणि सहज बोलावं तसं म्हणालो, "अक्का, पोरगी पोचली असेल एव्हाना. केर काढायला आता हरकत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिची नजर थेट दारामागच्या केरसुणीवर गेली.

"पोटात ठेवली तिनं, कबूल," ती म्हणाली. "पण गोवरात रात्र रात्र मांडीवर कुणी घेतली? डोक्यातल्या उवा कुणी काढल्या? आणि साहेबानं आई म्हणून तिला हाक मारायची? माझ्या अंगाची लाही झाली अण्णा. तिला चार आहेत. मला हीच एक होती."

तिचा भाऊ बेळगावकडे राहत होता. त्याच्या गावात मराठी शाळा चालू होती. तो येऊन पोरीला घेऊन गेला होता, आणि तिकडच्या शाळेत आई म्हणून थोरलीचं नाव घालायचं ठरलं होतं. एकदा शाळेत नाव लागलं की मग कुणाची टाप आहे, असा तिचा हिशेब होता. मी तिकडच्या ठाण्याला तार केली. पोरगी मामाच्या घरी सुखरूप सापडली.

तिला परत आणलं त्या दिवशी दोघी फलाटावर आल्या होत्या. थोरलीच्या हातात दुधाची तांब्याभर खीर, धाकटीच्या हातात नवा परकर. दोघी एकमेकींकडे चोरून बघत होत्या, तिनं काय आणलं म्हणून. मी नियमाप्रमाणे पोरीला धाकटीच्या ताब्यात देणार होतो, पण गाडी थांबेपर्यंत माझाही निश्चय डळमळला होता. मनातून मला वाटत होतं की पोरीनं धावत जाऊन थोरलीला मिठी मारावी, म्हणजे मला काहीतरी कारण मिळेल.

पोरगी उतरली. दोघींनी एकदमच हात पसरले. ती माझ्याशीच थांबली आणि मला म्हणाली, "मला पैसे नकोत. आमची शाळा उघडा." मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही बाळ. तिनं मान हलवली, जशी काही तिला ते ठाऊकच होतं. मग ती थोरलीपुढे गेली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "येते काकू."

थोरलीच्या हातातून तांब्या पडला नाही की काही नाही. ती फक्त फलाटाच्या लोखंडी खांबाला टेकली. धाकटीचं तोंड उजळलं. पण घडीभरच. कारण पोरगी वळली, तिचा हात धरला आणि म्हणाली, "चला काकू, घरी."

गैरसमजातून झालेली तक्रार असा शेरा मारून प्रकरण बंद केलं. कुणावर खटला केला नाही. शाळा होती तोवर सरकारचा पैसा शाळेत जात होता आणि पोरीची आई कोण, हे कुणाला ठरवावं लागत नव्हतं. तो घरात आला आणि ठरवावं लागलं. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, नियमही वाईट नव्हता.

नोकरीत मी एक शिकलो. चोरी झालेली वस्तू बहुतेक वेळा परत मिळते. दोन माणसं एकाच गोष्टीसाठी जळत बसली की मात्र ती गोष्टच उरत नाही. त्या पोरीचं लग्न झालं तेव्हा मी गेलो होतो. पाठवणीच्या वेळी दोघीही रडत होत्या, आणि पोरगी आळीपाळीनं दोघींच्या गळ्यात पडून म्हणत होती, "रडू नका काकू, रडू नका."