माझ्या वतीनं

मानेतली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. नवरा दूर नोकरीला, सुट्टी मिळेना, म्हणून मी येरमाळ्याजवळच्या वाशीला माहेरी आले आणि सोलापूरच्या दवाखान्यात आई सोबत यायला लागली. डॉक्टर बोलायला लागले की ती मला बाहेर बसवायची. "तू नगं ऐकू, उगं धसका घेशील." मीही बसायची. आईनं ऐकलं म्हणजे मीच ऐकलं, असं मी धरून चाललेली.

केमो संपली, केस परत आले, पाळी काही आली नाही. आईनं येरमाळ्याच्या देवीला पाळण्याचा नवस बोलला आणि मला मंगळवार धरायला लावले. साबुदाण्याचा वीट आला, पण एक मंगळवार मी सोडला नाही.

मागच्या तपासणीला आईला ताप होता, म्हणून पहिल्यांदाच एकटी गेले. बाकावर शेजारच्या पोरीला नर्स समजावत होती, की केमोच्या आधी स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवता येतात, पुढं मूल हवं असेल तर कामाला येतात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच आत घुसले आणि डॉक्टरांना धारेवर धरलं. खेड्यातली म्हणून मला सांगितलं नाही का?

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "दहा-बारा दिवस थांबलं तरी चालेल, हेही सांगितलं होतं. तुमच्या आई बाहेर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, लेकीला विचारलं, ती नको म्हणते."

ती बाहेर आली होती, हे मला आठवलं. मला म्हणाली होती, "पाणी पितीस का?"

घरी येऊन विचारलं, तर आई माझ्याकडं बघेना. "थांबली असतीस अन् काय बरंवाईट झालं असतं तर? मला माझी लेक पायजे व्हती."

"मग मंगळवार कशाला धरायला लावलेस?"

"जगायला कायतरी आशा नगं का?"

परक्यानं केलं असतं, तर केसानं गळा कापला म्हणून मोकळी झाले असते. आईला काय म्हणायचं? ती माझ्या जिवाला भ्याली, हे मला कळतं. राग त्यानं कमी होत नाही.

नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण तुझी आई तर मला म्हणाली, तूच नको म्हणालीस."

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. आणि त्यानंही मला एकदाही विचारलं नव्हतं.