डेलबर्टची टकटक

ड्राय फोर्क गावात डेलबर्ट क्रमलीला घाबरणारं कोणीच नव्हतं. त्याची स्वतःची कुत्रीसुद्धा नाही. वाळवंटात बंद पडलेल्या गाड्या ट्रकवर घालून आणायच्या, हे त्याच्या बापाचं काम. बाप गेल्यावर त्याचं. बापाने एक गोष्ट बजावून शिकवली होती, "उन्हात अडकलेलं माणूस अर्धं खुळं झालेलं असतं, डेल. त्याला आधी पाणी दाखवायचं आणि मग आपलं थोबाड." म्हणून डेलबर्ट ट्रकमधून उतरला की पाण्याचा कॅन खांद्याइतका उंच धरायचा, सावकाश चालत जायचा, काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचा आणि हसायचा. उभा जन्म तो अशीच टकटक करत आला होता.

मग प्रेस्कॉट आला. हाडकुळा, कोवळ्या मिशीचा पोरगा. सिनेमा काढायला निघालेला आणि खिशात छदाम नाही. त्याच्या सिनेमात रस्त्यावर अडकलेल्या माणसांना गाठून मारणारा, डेलबर्टसारखाच बंद गाड्या उचलणारा एक टोइंगवाला होता. ते काम करायला आणलेला नट पहिल्याच दुपारी ऊन बघून पळाला.

"काका, तुम्ही रोज करता तेच करा," प्रेस्कॉट म्हणाला. "बाकी माझा कॅमेरा बघून घेईल."

डेलबर्टने तेच केलं. कॅन, टकटक, हसू. प्रेस्कॉटने एक भर घातली. कॅन आधी स्वतःच्या तोंडाला लावायचा, पण घोट घ्यायचा नाही. म्हणजे समोरच्याचा विश्वास बसतो आणि तो विष घातलेलं पाणी पितो. बदल्यात ऑर्लीनच्या खाणावळीत जेवण मिळालं. त्यातले तळलेले बटाटेही बोलता बोलता प्रेस्कॉटनेच संपवले.

सिनेमा काळापांढरा निघाला. गावाने तो चर्चच्या हॉलमध्ये पाहिला. पडद्यावर डेलबर्टने टकटक केली की पुढच्या प्रसंगात प्रेत. आणि प्रत्येक प्रेताला गाव पोट धरून हसत होतं. "डेलबर्टा, मेल्या, तुला साधी पाल मारता येत नाही!" ऑर्लीन मागच्या रांगेतून ओरडली.

पण बाहेरच्यांना डेलबर्ट कुठे माहीत होता? सिनेमा फोनवर आला आणि लोक त्याखाली काय काय लिहू लागले. ऑर्लीन ते गल्ल्यावर बसून मोठ्याने वाचायची, प्रत्येकाचा वेगळा आवाज काढून. नाकातून, "दिग्दर्शन भिकार. प्रकाशयोजना भिकार. पण तो कॅनवाला... आई गं!" मग चिरक्या आवाजात, "मी तीन दिवस काचेजवळ बसले नाहीये!" मग घोगऱ्या आवाजात, "हा नट नाही हो, कुठून तरी खराच पकडून आणलाय. पोलिसांना कळवा."

सगळी खाणावळ खिदळायची. डेलबर्टही हसायचा, पण त्याची कॉफी तशीच निवायची.

कारण त्याला मदतीला बोलावणारे फोन कमी झाले होते. जे यायचे ते विचारायचे, "तो सिनेमातला येणार नाही ना?" दुसरा ट्रक शंभर मैलांवर. लोक उन्हात ताटकळायला तयार होते, पण डेलबर्ट नको होता. एखाद्याचा त्यात जीव गेला तर? या विचाराने त्याची झोप उडाली. तो आरशासमोर न हसण्याचा सराव करू लागला.

"आता तर प्रेत मोजायला आल्यासारखा दिसतोस," बायको म्हणाली. "त्यापेक्षा हास बाबा."

जुलैतल्या एका भर दुपारी एका मालट्रकवाल्याने वायरलेसवरून सांगितलं, जुन्या खाणीच्या फाट्यापाशी निळी गाडी उभी आहे, आत कोणीतरी आहे, काच उघडत नाही. डेलबर्टने ट्रक पळवला.

गाडीत एक पोरगी होती. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. इंजिन बंद, काचा बंद. डेलबर्ट उतरला आणि विचार करायच्या आधीच कॅन खांद्यावर गेला, पेर काचेवर गेलं. टक. टक.

पोरगी अशी किंचाळली की त्याच्या डोक्यावरची टोपी पडली.

"मागे व्हा! मी बघितलाय तो सिनेमा! मागे व्हा म्हणते ना!"

"अगं पोरी, तो सिनेमा होता. नुसतं पाणी आहे हे," तो म्हणाला आणि कॅन तोंडाला लावून गटागटा प्यायला.

"तुम्ही गिळत नाही!" ती आतून ओरडली. "तिथेपण गिळलं नव्हतंत!"

जे जे डेलबर्टला येत होतं ते सगळं सिनेमात होतं. आणि पोरीला घाम येणं थांबलं होतं. उन्हात घाम थांबला की पुढे काय होतं ते त्याने पाहिलेलं होतं.

त्याने कॅन तिच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला. "माझा ट्रक चालू आहे. आत गार आहे. बस आणि दारं लावून घे. मी हा चाललो."

तो पाठ फिरवून वाळूतून चालू लागला. मागे काहीच आवाज नाही. शुद्ध हरपली की काय? वळून बघावं, तर सिनेमात तो वळून बघतो. मान ताठ करून तो चालतच राहिला.

दार वाजलं. धावती पावलं. दुसरं दार. आणि त्याचा ट्रक सुटला.

तो वळला तेव्हा रस्ता रिकामा आणि बॉनेट रिकामं. कॅनही गेला होता. डेलबर्ट तिच्या गाडीच्या वीतभर सावलीत जाऊन बसला. 'मला बघून कोण थांबणार?' त्याच्या मनात आलं. एक गाडी हळू झाली, आतल्याने निरखून पाहिलं आणि सुसाट निघून गेली.

ओठ चिकटायला लागले तेव्हा कुठे पीं पीं पीं ऐकू आलं. ट्रक उलटा येत होता. काच दोन बोटं उतरली.

"माझी गाडी चढवा. पण इथे पुढे यायचं नाही. तुम्ही तिच्यातच बसा."

"तुला एवढा ट्रक झेपेल?"

"आमच्या शेतावर गवताच्या गाठी कोण नेतं असं वाटतं तुम्हाला? चढवा!"

तिने मागची काच उघडून एक पाण्याची बाटली खाली टाकली आणि काच लगेच वर. डेलबर्टने निमूट गाडी चढवली, साखळ्या आवळल्या आणि बंद गाडीत जाऊन बसला. भर दुपारी तो स्वतःच्याच ट्रकवर लादलेल्या सामानासारखा ड्राय फोर्कमध्ये शिरला.

"डेलबर्टा!" ऑर्लीन कमरेवर हात ठेवून दारात आली. "शेवटी तुलाच कोणीतरी उचलून आणलं की रे!"

तो उतरून ट्रकच्या काचेपाशी गेला. पोरीचा रंग परत आला होता. शेजारच्या सीटवर कॅन आडवा पडलेला, रिकामा. त्याचा हात सवयीने वर गेला आणि अर्ध्यावर थांबला. काचेला लावायची छाती होईना.

आतून तिनेच पेराने दोनदा टकटक केली.

डेलबर्ट केवढा दचकला!