गुलाबबाई फरशी सारखी करते

मी सरळ माणूस आहो, पण गोड माणूस नाही. जवाहरनगरच्या कारखान्यात चौतीस वर्षं मापं घेतली. हातात गेज घेऊन उभा राहिलो की समोरचा घाबरे, अन् मले ते आवडे. म्हणून गुलाबबाई उके नावाची बाई घरातल्या फरश्या सारख्या करून देते असं परसरामनं सांगतलं, तेव्हा मी पहिले हसलो. परसराम माझ्यासोबतच रिटायर झाला, तुमसरले राहते. म्हणे, "श्यामराव, माझ्या घरची तिनंच केली. हसणं झालं की फोन लाव तिले."

हसणं लवकर आटोपलं, कारण घरात हसण्यासारखं काही नव्हतं. माझी बायको देवका, तिले जानेवारीत लकवा मारला. बोलणं परत आलं, अन् चांगलंच परत आलं, पण उजवा पाय ओढत राहिला. डॉक्टरनं वॉकर दिला अन् म्हटलं, रोज चालवा, हे काही महिने वाया गेले तं पाय गेला समजा. आता चालायचं कुठं? आमचं घर भंडाऱ्याबाहेरच्या नवीन ले-आउटमध्ये. ठेकेदारानं कोबा टाकला तो तीन तुकड्यात, तीन वेगवेगळ्या दिवशी. खोलीच्या मधात खोलगा, अन् बाथरूमकडे जायच्या बोळीत दोन तुकडे जिथं भेटतात तिथं धार वर आलेली. टाइल्स पुढं लावू म्हणून मीच राहू दिलं होतं. धडधाकट पायाले असं काही जाणवत नाही. वॉकरचं चाक मात्र नेमकं तिथंच अडके. मार्चमध्ये देवका त्या धारेवर पडली. हाड वाचलं, हिंमत गेली. त्या दिवशी तिनं वॉकर भिंतीले टेकवला तो टेकवलाच.

मग बाथरूमले मी न्यायचो, काखेत हात घालून. छत्तीस वर्षांच्या संसारात या बाईनं मले साधा चहा करायले लावला नव्हता, अन् आता दिवसातून पाच वेळा "ऐकता काय" म्हणून हाक मारा लागे. मी दारात उभा, दार अर्धं उघडं, ती आत. तिचा चेहरा पाहवत नव्हता. एक दिवस पाहिलं तं पाण्याचा गिलास सकाळपासून भरलेलाच. काहून पीत नाही म्हटलं, तं म्हणे, "पिलं की उठा लागते." भंडाऱ्याचा उन्हाळा, अन् ही बाई पाणी पीत नाही. टाइल्सवाला आधीच येऊन गेला होता. म्हणे, सगळा कोबा फोडा लागते, पंधरा दिवस घर रिकामं करा. त्याले मी चहासुद्धा पाजला नाही. गुलाबबाईले फोन लावला.

ती स्कूटीवर आली. चालवणारी ती, नवरा विनोद मागं बसलेला. बेचाळीस-त्रेचाळीसची असन. आवाज असा की शेजारचं कुत्रं उठून बसलं. दारात चपला काढल्या अन् अनवाणी पायानं सगळी खोली चालली, सावकाश, डोळे अर्धे मिटून. थांबे, टाच फिरवे, खडूनं गोल काढे. बोळीतून परत आली अन् म्हणे, "मधात सहा मिलिमीटर, खिडकीजवळ नऊ, अन् बोळीतली धार तेरा. धार घासून काढा लागते, बाकी वरून माल ओतला की सारखं बसते."

पायानं मिलिमीटर सांगणारी बाई मी पाहिली नव्हती. माझी स्टीलची पट्टी काढली, गेज काढला, गुडघे टेकून मोजलं. सहा. साडेआठ. तेरा.

"खिडकीजवळ साडेआठ आहे," मी म्हटलं.

"मग तुमची पट्टी वाकली असन काकाजी."

देवका खाटेवर खुदकन हसली. जानेवारीपासून पहिल्यांदा. मले राग आला, अन् काम मी तिलेच देऊन टाकलं.

चहा पिता पिता तिनं आपली कहाणी सांगतली, म्हणजे मीच चौकशी लावली होती. तुमसरकडच्या खेड्यातली. लहानपणी आईसोबत धान रोवायले जाय, दिवसभर बांधीतल्या चिखलात. लग्न झालं अन् नवराबायको नागपूरले गेले, तिथं ती बांधकामावर रेजा. अकरा वर्षं डोक्यावर घमेलं. एका मोठ्या इमारतीवर बाहेरून फरशीवाले आले. पोत्यातली पूड पाण्यात फिरवायची, ओतायची, अन् ती स्वतःच आपली पातळी धरते. पण पाणी अगदी मापात पाहिजे. त्यायचे मिस्त्री गप्पा मारता मारता माप चुकवत, म्हणून पाण्याच्या बादलीजवळ हिले बसवलं. "वर्षभर मी फक्त पाणी मोजलं," ती म्हणे. "बाकीच्या रेजा हसत, का बाप्पा, तुले आरामाचं काम भेटलं. मी पाहून राहिली होती. सगळं पाहिलं." मग तिनं जुनी फिरवायची मशीन घेतली अन् विनोदले घेऊन गावाकडे परतली. सुरुवातीले घरमालक दारात आले की विनोदले मिस्त्री म्हणत. विनोद बोट तिच्याकडे दाखवे. "मिस्त्री ही आहे. मी मशीन धरतो."

मी विचारलं, "आमचं जमन काय?"

"जमन काय म्हणजे? काकू चालली नाही तं मी इथून हलत नाही," ती म्हणे. असं बोलणारा माणूस मी कारखान्यात एकही पाहिला नाही, माझ्याशिवाय.

पहिल्या दिवशी तिनं धार घासली, भेगा भरल्या, धूळ मशीननं ओढून घेतली अन् खालचा कोबा नवीन माल धरून ठेवन म्हणून सगळीकडे प्रायमर मारला. देवकाची खाट छपरीत नेली, खिडकीजवळ. दुसऱ्या दिवशी साडेपाचलेच दोघं हजर, कारण ऊन तापलं की माल लवकर घट्ट होते. खिडक्या बंद, पंखा बंद. बादलीवर नेलपॉलिशची लाल रेघ. एका पोत्याले रेघेपर्यंत पाणी, थेंब इकडे नाही तिकडे नाही. विनोद ड्रममध्ये मशीन फिरवे, गुलाबबाई खिळे लावलेले बूट घालून ओतलेल्या मालात उभी, दातेरी फावड्यानं माल ओढे, काट्याचा रोलर फिरवून बुडबुडे फोडे. धिरड्याच्या पिठासारखा तो माल सरकत जाय अन् कडेले जाऊन चूप बसे. मी दारातून पाहत होतो. मले आत यायची मनाई होती.

बोळीची पाळी आली तोवर ऊन वर आलं होतं. विनोदनं शेवटचं पोतं फिरवलं अन् रोलर धुवायले मागं गेला. गुलाबबाई आत, पाठमोरी. मी ड्रममध्ये पाहिलं. मले तो माल घट्ट वाटला. हा बोळीत सरकणार नाही, नेमका बाथरूमच्या दाराजवळ ढीग होईन, अन् देवका पुन्हा पडन, असं मनात आलं अन् हात पुढं गेला. माझा बाप धानवाला. चिखल सरकत नसला की बांधीत पाणी सोडायचं, बांधी आपोआप सारखी होते, हे मले कोणी शिकवायची गरज नव्हती. एक लोटा भरला, ड्रममध्ये ओतला, काठीनं ढवळला. विनोद आला, त्यानं मशीन एकदा फिरवली अन् ओतलं. काय सरकला माल. मले स्वतःचाच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबबाई तपासायले आली. रुपयाचा शिक्का घेऊन खोलीभर घासत गेली. ओरखडा नाही. बोळीत बसली, शिक्का घासला, तं खडूसारखी पांढरी पूड निघाली. थोडं पुढं घासलं, तिथंही पूड. ती उठली अन् विनोदले विचारलं, "शेवटच्या पोत्याचं पाणी कोणं मोजलं?"

"मीच. रेघेपर्यंत."

"रेघेपर्यंत असतं तं हे निघालं असतं काय?"

विनोद मान खाली घालून उभा राहिला. मग ती माझ्याकडे वळली. "काकाजी, चूक आमची. वॉकर फिरला की हे दोन महिन्यात उखडन. मी फोडून पुन्हा करून देते. दोन दिवस आणखी जातीन, काकूले त्रास होईन, माफ करा."

चौतीस वर्षं दुसऱ्यायच्या चुका तोंडावर सांगतल्या, अन् स्वतःची एक सांगवेना. विनोद माझ्यासमोर उभा, घामाघूम. मले माझी लाज वाटली, तरी तोंड उघडेना.

छपरीच्या खिडकीतून देवका म्हणे, "सांगता, का मी सांगू?"

म्हणजे हिनं पाहिलं होतं. मी सांगून टाकलं, लोटा, काठी, सगळं. गुलाबबाईनं कमरेवर हात ठेवले.

"कोणत्या गावचे तुम्ही?"

"साकोलीकडचा."

"घरी धान होतं?"

"होतं."

ती खाली बसली अन् बोळीवरून हात फिरवत म्हणे, "मीही केलं हे. माझं पहिलं घर होतं. दोन लोटे टाकले मी, अन् आठ दिवसात पापडासारखं उललं. आपण धानाची माणसं काकाजी. आपल्याले वाटते, पाणी सोडलं की सगळं सारखं होते. बांधीत होते. याच्यात जास्तीचं पाणी वर येऊन बसते अन् मालाची ताकद जाते." मग उठली, अन् पुढचं वाक्य सगळ्या ले-आउटले ऐकू गेलं. "आता तुम्ही छपरीत काकूजवळ बसा. मी बोलावल्याशिवाय उठले तं मशीन उचलून घरी जाईन."

असं मले साहेबसुद्धा कधी बोलला नव्हता. मी विनोदची माफी मागितली. तो म्हणे, "राहू द्या, मले सवय आहे." मग मी जाऊन बसलो. आत छिन्नीचा आवाज सुरू झाला अन् मी दर मिनिटाले उठायले पाहत होतो.

"बसा," देवका म्हणे. "कोणी उठवल्याशिवाय उठायचं नाही. मी दोन महिन्यापासून तेच करून राहिली."

मी बसून राहिलो. त्या दिवशी मले पहिल्यांदा कळलं की मी हिले नेत होतो, आणत होतो, अन् मनातून खूश होतो की माझ्याशिवाय हिचं चालत नाही. हे कबूल करायले मले जड जाते, पण खरं आहे.

फोडलं, पुन्हा प्रायमर, पुन्हा ओतलं. तिसऱ्या दिवशी गुलाबबाईनं शिक्का घासून पाहिला अन् हाक मारली ती मले नाही, देवकाले. वॉकर आणून समोर ठेवला अन् स्वतः दोन हात मागं सरली. "काकू, खाली पाहायचं नाही. खाली काही नाही आता."

देवकानं वॉकर पुढं सरकवला. पाय ओढला. पुन्हा सरकवला. मी धावलो, तं गुलाबबाईनं हात आडवा केला अन् फक्त "काकाजी" म्हटलं. मी थांबलो. देवका बोळीतून बाथरूमच्या दारापर्यंत गेली अन् परत आली. अकरा मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं. खाटेवर बसली तेव्हा तिची साडी घामानं ओली होती, अन् गुलाबबाई विनोदले म्हणून राहिली होती की ड्रम धुवून गाडीले बांध.

पण खोड जात नाही माझी. पुढचे आठ दिवस ती चालली की मी मागं. ती बाथरूममध्ये गेली की मी अर्ध्या दारात.

मग एक दिवस मी बाजारात गेलो. भाव करण्यात उशीर झाला. घरी आलो तं खाट रिकामी. वॉकर नाही. पिशवी हातातून सुटली, टमाटे बोळीत पसरले, अन् मी बाथरूमच्या दाराले धक्का दिला. दार हललं नाही.

"देवका."

"आहो ना. बोंबलू नका."

"कडी काहून लावली? पडली असती तं?"

"बाथरूमची कडी लावा लागते," ती आतून म्हणे. "दोन महिने उघड्या दारात बसली मी."

मी तिथंच बोळीत खाली बसलो अन् रडलो, लपवत नाही. नाक पुसून गुलाबबाईले फोन लावला. मागं मशीनचा आवाज होता, ती चिखला गावात कोणाच्या घरी कामावर होती. मी म्हटलं, "तुमची काकू एकटी गेली. आतून कडी लावली. मी दारात बसून आहो."

"बरं झालं," ती ओरडून म्हणे. "मग तुम्ही दारात बसून काय करून राहिले? सरका तिथून."

मी टमाटे वेचले अन् स्वयंपाकघरात गेलो.