बोटीत राहिलेल्या दोघी

पोटातून काढलेली गाठ साधी आहे, घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी खुर्चीत नुसती बसून राहिले. नवरा मात्र उठून उभा राहिला, परत बसला, आणि बाहेर लिफ्टची वाट बघताना एकदम म्हणाला, "आता व्हेनिसला जाऊया." लग्न झाल्यापासून आमचं 'पुढच्या वर्षी व्हेनिस' चाललं होतं. गाठ कळल्यापासून तो शब्दच आम्ही काढला नव्हता.

अडचण एवढीच की माझ्या ऑपरेशनसाठी आई मालवणहून आणि सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, आणि सिंगापूरला क्लेमेंटी भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोघी एकाच वेळी माझी काळजी घेत होत्या. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. "तुम्हीच करा हो आमटी, तुमच्या लेकीला तुमच्या हातचं हवं असणार." "छे छे विहीणबाई, तुमच्या आमटीची चव मला कुठली यायला!" असं करत आमटी तशीच राहायची आणि शेवटी नवरा खालच्या हॉकर सेंटरमधल्या एखाद्या गाड्यावरून नूडल्स घेऊन यायचा. सासूबाई शुद्ध शाकाहारी, म्हणून आईने कोणी न सांगताच मासे बंद केले होते. सकाळी खालच्या बाजारात जायची, पापलेटांसमोर जरा रेंगाळायची आणि पालकाची जुडी घेऊन वर यायची. मला ते दिसत होतं. पण सासूबाईंनी मनाई केलेली नसताना त्यांच्याशी विषय तरी कसा काढणार?

"ह्यांना इथे ठेवून गेलो," नवरा म्हणाला, "तर आपण परत येईपर्यंत 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत दोघी उपाशी राहतील." डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, व्हिसाची धावपळ झाली आणि आम्ही चौघं निघालो.

व्हेनिस आईला पहिल्या मिनिटाला आवडलं. "दारात खाडी!" ती म्हणाली, आणि वाकून वाकून घरांच्या भिंती बघू लागली. "खारं पाणी सदोदित भिंतीक लागता. चुनो टिकता कसो गो?" तिला राजवाडे, घुमट, सोन्याची चित्रं यात फारसा रस नव्हता. कोण बोट कशी बांधतो ते बघत ती उभी राहायची. सासूबाईंना चित्रं आवडायची, पण पूल नकोसे झाले होते. तिथे दर गल्लीच्या शेवटी पूल आणि दर पुलाला पायऱ्या. जेवणाचं तर विचारूच नका. सासूबाई दशम्या आणि लसणीची चटणी घेऊन आल्या होत्या, त्या खोलीत बसून खाल्ल्या. बाहेर गेलो की चौघांनाही टोमॅटोचा पिझ्झा. आई तो न कुरकुरता खायची आणि पाणी जास्त प्यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोठ्या कालव्यातून जाणाऱ्या बोटीत चढलो. आपल्याकडे बस असते तशी ती तिथली बस. दोघींना पुढे बसायला जागा मिळाली. आम्ही दोघं मागे, दाराशी उभे. एका थांब्यावर मोठमोठ्या बॅगा घेतलेला घोळका उतरू लागला. सिंगापूरच्या मेट्रोत, एमआरटीत, दाराशी उभं असलं की उतरणाऱ्यांना वाट द्यायला आपण क्षणभर खाली उतरतो आणि परत चढतो. इतक्या वर्षांच्या सवयीने आम्ही तसेच धक्क्यावर उतरलो. खलाशाने दाराचा लोखंडी आडणा ओढून वाट बंद केली, दोर सोडला, आणि बोट निघाली.

नवरा ओरडला. मीही ओरडले. बोटीत पुढे दोन पाठमोरी डोकी दिसत होती, एकावर अबोली शाल, दुसऱ्याचा पांढरा अंबाडा. दोघींपैकी कोणी वळलं नाही.

त्यांचे फोन हॉटेलच्या वायफायशिवाय चालत नव्हते. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी माझ्या पर्समध्ये होती. पुढची बोट येईपर्यंत मी धक्क्यावर येरझाऱ्या घालत होते आणि टाक्यांच्या जागी ताण पडत होता.

"अगं, दोघी एकत्र आहेत ना," नवरा म्हणाला. "मग हरवल्या कशा?"

"एकत्र? त्या एकमेकींशी धड बोलतात तरी का? 'आधी तुम्ही उतरा' करत शेवटच्या थांब्यापर्यंत जातील!"

पुढच्या थांब्यावर त्या नव्हत्या. त्यापुढच्याही नाही. तिकिटं तपासणाऱ्या बाईला मी हाताने अंबाडा, शाल, सगळं करून दाखवलं. ती सहानुभूतीने मान हलवत राहिली. पाणी हिरवं, शांत, पायाशी लपलपत होतं. रिपोर्ट येण्याआधीचे ते दिवस मला आठवले. तेव्हाही बाजूला लोक हसत खेळत फोटो काढत असावेत तसं जग चाललेलं असायचं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. हॉटेलमधला काउंटरवरचा माणूस होता.

"मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला, "तुमच्या दोन्ही आई जेवताहेत."

मला पुन्हा विचारावं लागलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं, आणि खानावळीचा पत्ता दिला. रियाल्तोच्या मासळी बाजारामागची गल्ली.

आम्ही गेलो तर दोघी एका कोपऱ्यातल्या टेबलाशी समोरासमोर बसलेल्या. सासूबाईंच्या पुढ्यात पिवळसर, मऊ काहीतरी आणि वर मशरूम. आईच्या पुढ्यात मासे. मला बघून आई म्हणाली, "इलंस? बस. हे तारले बघ, कांदो आणि व्हिनेगर घालून मुरवलेत, वर बेदाणे! बेदाणे घालतंत कोण तारल्यात! पण बरे लागतत."

"आई, आम्ही केवढे घाबरलो!"

"अगं, बस आधी, घामाघूम झाली आहेस," सासूबाई म्हणाल्या आणि आपला पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मग त्यांनीच सगळं सांगितलं. मागे वळून बघतात तर आम्ही नाही. आई लगेच उतरायला निघाली होती, पण तेव्हा बोट मधोमध होती. पुढच्या थांब्याला गर्दीतून दारापर्यंत पोचेतो आडणा लागला. त्याच्या पुढच्या थांब्यापाशी आईला मासळीचा वास आला. "ह्या म्हणाल्या, बाजार आहे, म्हणजे माणसं आहेत, इथे उतरायचं. आणि माझा हात धरून मला उतरवलंच."

"आणि हॉटेलला फोन?"

"हॉटेलचं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. इथल्या मालकाला दिलं, म्हटलं फोन लाव. मग तो म्हणाला, बसा. बसलो तर काही मागवायला नको?"

"मी म्हटलंय, माका पण ताच चलात, तुमचा शाकाहारी," आई मध्येच म्हणाली. "तर ह्यांनी ऐकल्यानीच नाय. थेट काचेच्या पेटीतल्या माशांकडे बोट, मगे माझ्याकडे. 'शी ईट फिश! मी, नो फिश!'"

मालक काउंटरमागून हसला. त्याला तेवढं कळलं होतं.

सासूबाई हसल्या नाहीत. चमच्याने ते पिवळं गोळा करत म्हणाल्या, "माझ्यामुळे तुम्ही इतके दिवस पालक खाताय, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आधी कोण बोलणार, यात राहिलं." मग माझ्याकडे वळून, "हे खाऊन बघ. मक्याच्या पिठाची उकड आहे, आपली उकडच. जरा मिरची हवी होती."

मी एक चमचा घेतला आणि रडू लागले. आई आणि सासूबाई दोघींनी एकदम आपापले रुमाल पुढे केले. नवऱ्याने मालकाला आणखी दोन बश्या सांगितल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी पोटभर जेवले. आईच्या बशीतले तारले खाल्ले, सासूबाईंची उकड संपवली, शेवटी पावाने बशी पुसली. त्या दिवशी राजवाडा बघायचा होता, तो राहिला. दुपारभर आम्ही पाण्याकाठच्या पायऱ्यांवर बसलो आणि दोघी आपल्या बाळंतपणाच्या गोष्टी एकमेकींना सांगत राहिल्या. मला मध्ये घेतलंच नाही.

सिंगापूरला परत आल्यावर सोमवारी मी पाया लेबार भागातल्या माझ्या ऑफिसला पुन्हा जायला निघाले. दारात चपला घालत होते तर आतून सासूबाईंचा आवाज आला.

"अहो, चादर अशी पिळून वाळत घालतात का? चुण्या पडतात!"

"मग तुम्ही घाला! खिडकीबाहेरच्या त्या काठीवर माझा हात पुरत नाही, मघाशीच सांगितलं!"

"हात पुरत नाही तर स्टूल घ्या. तोंड काय चालवताय!"

नवरा आंघोळीहून केस पुसत बाहेर आला आणि घाबरून माझ्याकडे बघू लागला. मी त्याला हाताने गप्प राहायला सांगितलं. आम्ही दोघांनी पॅसेजमध्ये उभं राहून जरा वेळ ऐकलं; 'आधी तुम्ही' एकदाही ऐकू आलं नाही. मग माझी बस चुकेल म्हणून मी निघाले.