खंदारेकाकांनी शिकवलेली झोप

मारोती खंदारे. मी आज एम.ए. आहे, हैदराबादेत हिमायतनगरच्या एका ऑफिसात नोकरीला आहे आणि मुख्य म्हणजे जिवंत आहे, ते या माणसामुळे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे आभार कसे मानतात हेही कुणी शिकवलं नाही. आता ते स्वीकारायला काका नाहीत.

एप्रिलमधली भीमजयंती होऊन दोन दिवस झाले होते. संध्याकाळी काकांच्या धाकट्या मुलीचा, रमाचा फोन आला. हैदराबादेतच जन्मलेली पोर, घाबरली की तिची मराठी सुटते. "भय्या, पप्पा काल दुपारी जेवून सोये... उठेच नै." त्या गडबडीत मला कळवायचं राहून गेलं होतं. मी विद्यानगरला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती. बाहेर खुर्च्यांवर बसलेली माणसं एकमेकांना सांगत होती, "पुण्यवान माणूस. झोपेतच गेला, काही त्रास नाही." सगळ्यांना त्या वाक्याचा आधार वाटत होता. मला मात्र त्याच वाक्याची भीती वाटली. कारण काकांना जो आजार होता तोच मला आहे, आणि झोपेला भिऊ नकोस हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

मला फिट्स येतात. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या गावी याला मिरगी म्हणतात आणि दार लावून बोलतात. एम.ए.साठी हैदराबादला आलो तेव्हा मीही हे लपवलं होतं. गोळ्या आवळ्याच्या चूर्णाच्या डबीत ठेवायचो. पहिल्याच वर्षी लायब्ररीच्या वाचनकक्षात बाकावरून खाली पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा एक जण चप्पल घेऊन माझ्या नाकाशी वाकला होता आणि खाकी गणवेशातला लायब्ररीचा शिपाई त्याच्यावर ओरडत होता, "हटो मियाँ! चप्पल सुंघा के क्या डिग्री देते क्या उसकू?" त्याने मला कुशीवर वळवलं होतं, डोक्याखाली स्वतःचा स्वेटर घातला होता आणि घड्याळाकडे बघत बसला होता. मी रडायला लागलो तर मराठीत म्हणाला, "रडतू कशाला? मलाबी हाय. वीस वर्षांपासून." ते खंदारेकाका. परभणीकडचे, सातवी शिकलेले. पोरांनी चिठ्ठी दिली की आतल्या कपाटातून पुस्तक काढून आणून द्यायचं, हे त्यांचं काम.

माझं खरं दुखणं फिटपेक्षा झोपेचं होतं. पहिल्या दोन फिट्स झोपेतच आल्या होत्या, त्यामुळे अंथरुणावर पाठ टेकली की पुन्हा उठून बसायचो. त्यात गोळ्या सुरू झाल्या. दिवसा वर्गात डोळे मिटायचे आणि रात्री मात्र टक्क उघडे. मी वॉर्डनला चुकवून जिन्यात बसायचो. काकांनी माझे डोळे बघून ओळखलं. म्हणाले, "झोपेला भिऊन जागतूस, आन् जागरणानं फीट येती. आपणच आपल्यामागं कुत्रं सोडायचं व्हय?" डॉक्टरांना सांगितलंस का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मोठ्या माणसांपुढे तक्रार करायची नाही, हे आमच्या घरातलं शिक्षण. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, मला सरकारी दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांपुढे उभं केलं. "साब, इनकू नींद नै पडती. बोलने को शरमाता." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नीट विचारलं, गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या. बाकीचं काकांनी शिकवलं... चारनंतर चहा नाही, खोलीला आतून कडी नाही, रोज एकाच वेळी आडवं व्हायचं, झोप येवो न येवो. आणि गोळी चुकवायची नाही, सूर्य पश्चिमेला उगवला तरी नाही. दोनेक महिन्यांनी मी सकाळी उठलो आणि लक्षात आलं की आपण रात्रभर झोपलो होतो.

जयंतीला आमच्या विहारात सलग अठरा तास अभ्यास करून अभिवादन करतात. सकाळी सहाला पोरं बसतात ती मध्यरात्री उठतात आणि प्रत्येकाचं नाव माइकवरून घेतात. माझ्यासारख्याला त्या यादीत नाव नसणं म्हणजे केवढी नामुष्की! मी नाव दिलं होतं. काकांनी यादीतून ते स्वतःच्या हाताने खोडलं. मी चिडलो, तर म्हणाले, "तू झोपून उठ आन् पास हो. त्येच तुझं अभिवादन." मी त्यांच्याशी आठवडाभर बोललो नाही. त्या वर्षी पास झालो. एकही पेपर बुडाला नाही.

रमा आणि तिच्या भावाला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. म्हणून काका मला सांगायचे, "फोनवरचं बोलणं उडून जातं. तू लिहीत जा, मला वाचायला कुणाचं तरी मराठी पायजे." एकाच शहरात राहून मी त्यांना आबिड्सच्या पोस्टातून पत्रं टाकायचो. यंदा मार्चमध्ये त्यांचा फोन आला. रिटायर होऊन वर्ष झालं होतं. आवाज जरा लाजलेला. "सिधू, आयुष्यभर पोरांना पुस्तकं काढून दिली. यंदा मीबी अठरा तास बसू का? काकू नको म्हणती." माझं नाव खोडणारा माणूस मला विचारत होता. मला नको म्हणता आलं नाही. हो सुद्धा म्हणालो नाही. लिहून कळवतो म्हणालो.

ते बसले. पूर्ण अठरा तास. माइकवरून नाव घेतलं तेव्हा पोरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, असं रमा सांगते. काकूंनी मला नंतर स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, की गोळीने पेंग येते म्हणून त्यांनी त्या दिवशी सकाळची गोळी घेतलीच नव्हती. रात्रीचीही नाही. पहाटेपर्यंत विहारातल्या सतरंज्या गोळा करत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आडवे झाले. फीट आली की हृदय थांबलं, हे कुणालाच ठाऊक नाही. मी माझ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही. पण जागरण आणि चुकलेली गोळी, दोन्ही एकदम व्हायला नको होतं."

त्यानंतर चार रात्री मी झोपलो नाही. बायको दिवा लावून शेजारी बसायची. डोळा लागत आला की वाटायचं, असंच झालं असेल... असंच, काही न कळता. पाचव्या दिवशी मी दवाखान्यात गेलो आणि कुणाला बरोबर न नेता, स्वतःच्या तोंडाने म्हणालो, "डॉक्टर, मला झोप येत नाही. मला भीती वाटते." औषध चालू आहे. झोप थोडी थोडी येते. भीती गेलेली नाही. हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखं कुणी असेल तर एवढंच सांगतो, गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका, आणि झोप येत नसेल तर लाजू नका.

मागच्या रविवारी काकूंनी एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही रे. पण घरात ठेवायला भ्या वाटतं." माझंच पत्र होतं. जसंच्या तसं देतो.

"आदरणीय काका,
सप्रेम जय भीम.

परवा फोनवर मला बोलता आलं नाही, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. काका, तुम्ही अवश्य बसा. आमच्या किती पिढ्यांना तुम्ही पुस्तकं आणून दिली. यंदा तुम्ही बसायचं आणि पुस्तकं पोरांनी आणून द्यायची. काकूंचं बोलणं मनावर घेऊ नका, त्या काळजीपोटी म्हणतात. अकरा वर्षांत तुम्हाला फीट आलेली नाही, एका दिवसाने काय होणार आहे? मला ऑफिसच्या कामामुळे येता येणार नाही, पण मला तुमचा फार अभिमान वाटतो. जागरणाचं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून निवांत झोपा. तुम्हाला कुणी उठवू नये, असं मी काकूंना सांगून ठेवतो.

तुमचा,
सिद्धार्थ"