धूर किती उंच जातो

दुकानदाराने दोन चुली पेटवून दाखवल्या. नाकाला रुमाल लावून, मान वर करून मी धूर किती उंच जातो ते पाहत होते. आमच्या सोसायटीत धुराला बंदी झाली ती माझ्याच तक्रारीवरून. मग वॉचमनच्या बायकोला, सुमनला, कमी धुराची चूल घेऊन द्यायलाही मीच निघाले होते, जरा मिरवतच.

सुमन मात्र खाली बसली. चुलीच्या तोंडाशी चेहरा नेऊन तिने फुंकर घातली. पहिल्या चुलीपाशी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसरीपाशी ती उघड्या डोळ्यांनी बसून राहिली.

"ही घेऊ या, ताई. डोळ्याला लागत नाही."

तीन वर्षं मी दुसऱ्या मजल्यावरून त्या धुरावर चिडत आले. तो आधी तिच्या डोळ्यांना लागून मगच वर येत होता, हे एकदाही मनात आलं नव्हतं. धूर उभ्यानेही दिसतो. चूल बघायला वाकावं लागतं.

परतताना रिक्षात चूल मांडीवर घेऊन सुमन मलाच धीर देत म्हणाली, "आता तुमच्या वाळत घातलेल्या कपड्यांना वास नाही यायचा."

दुकानापासून हातात राहिलेला रुमाल मी मुठीत लपवला.